साठ पूर्णांक तीन : महान बास्केटबॉलपटूंच्या कार्यक्षमतेच्या प्रकल्प नोंदी

४ मे २०२५, नागपूर

उन्हाळी शिबिर सकाळी साडेआठला संपलं. त्यानंतर सिमेंटच्या कोर्टावर थांबवत नाही. मुलं पाण्याच्या टाकीपाशी जमली आणि नेहमीचा वाद सुरू झाला. जॉर्डन मोठा की लेब्रॉन? एका मुलीने करीचं नाव घेतलं, दुसरा म्हणाला शंभर गुण करणारा चेंबरलेनच. सर खुर्चीवर बसून ऐकत होते. जाताना एवढंच म्हणाले, "अकरा वेळा जिंकलेला माणूस कोणालाच आठवत नाही का रे?"

घरी येऊन वही उघडली. गेली वीस वर्षं मी स्पर्धांमध्ये टेबलवर बसते, स्कोअरशीट भरते, त्यामुळे आकड्यांचं मला वेड आहेच. ठरवलं, की हा वाद गुणांच्या सरासरीवर न सोडता कार्यक्षमतेवर मोजून पाहायचा. प्रश्न असा : हाती आलेल्या संधीतून कोणी किती काढलं, आणि ते त्याच्या काळाच्या मानाने किती?

नियम तीन ठेवलेत. फक्त एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, नियमित हंगाम घ्यायचा, त्यानंतरचे विजेतेपदासाठीचे प्लेऑफ सामने नाहीत. प्रत्येकाचा एकच हंगाम घ्यायचा. आणि तयार रेटिंगकडे शेवटीच बघायचं, आधी बेरीज-भागाकार स्वतः करायचा.

निवडलेले हंगाम : विल्ट चेंबरलेन १९६१-६२, करीम अब्दुल-जब्बार १९७१-७२, मायकल जॉर्डन १९८७-८८, लेब्रॉन जेम्स २०१२-१३, स्टीफन करी २०१५-१६.

सरांचा तो अकरा वेळा जिंकलेला माणूस, बॉस्टनचा बिल रसेल, यादीत नाही. तो गुण करणारा खेळाडू नव्हता, म्हणून सध्या बाजूला ठेवलाय.

५ मे

तक्ता भरताना पहिली चूक केली. ज्या रकान्यात आकडा मिळाला नाही, तिथे शून्य टाकलं. बेरीज केल्यावर चेंबरलेनचे ब्लॉक शून्य दिसले! सात फूट एक इंच उंचीचा, समोरच्याची फेक वरच्या वर झेलणारा माणूस, आणि ब्लॉक शून्य.

कारण साधं आहे. एनबीएने स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (समोरच्याची फेक अडवणं) मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ मध्ये. आक्रमणातले आणि बचावातले रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू, वेगळे लिहायलाही तेव्हाच सुरुवात झाली. टर्नओव्हर (चेंडू गमावणं) मोजू लागले १९७७-७८ पासून, तीन गुणांची रेषा आली १९७९-८० मध्ये. चेंबरलेन एनबीएतला शेवटचा हंगाम १९७२-७३ मध्ये खेळला. म्हणजे त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत अधिकृत ब्लॉक एकही नाही.

सगळी शून्यं पुसून तिथे "नोंद नाही" लिहिलं. टेबलवर बसणाऱ्या बाईकडून ही चूक व्हायला नको होती. शून्य म्हणजे आम्ही पाहिलं आणि घडलं नाही, नोंद नाही म्हणजे पाहणारं कोणी बसलंच नव्हतं.

७ मे

आज ट्रू शूटिंगचं सूत्र लावलं. साधी नेमबाजीची टक्केवारी तीन गुणांची फेक आणि दोन गुणांची फेक एकाच मापाने मोजते, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी एका गुणाची मोफत फेक) तर धरतच नाही. ट्रू शूटिंगमध्ये एकूण गुण घ्यायचे, आणि त्यांना (फेकी + ०.४४ × फ्री थ्रो) यांच्या दुपटीने भागायचं. फ्री थ्रो बहुतेकदा दोन-दोन मिळतात, पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा एक, टेक्निकल फाउलचा एक, तीन गुणांच्या फेकीवरच्या फाउलचे तीन, असे प्रकार असल्यामुळे अर्ध्याऐवजी ०.४४ धरतात.

चेंबरलेन : ८० सामने, ४०२९ गुण, ३१५९ फेकी, १३६३ फ्री थ्रो. उत्तर ५३.६ टक्के.

करीम : २८२२ गुण, २०१९ फेकी, ७३२ फ्री थ्रो. ६०.३ टक्के.

जॉर्डन : २८६८ गुण, १९९८ फेकी, ८६० फ्री थ्रो. ६०.३ टक्के.

लेब्रॉन : २०३६ गुण, १३५४ फेकी, ५३५ फ्री थ्रो. ६४ टक्के.

करी : २३७५ गुण, १५९८ फेकी, ४०० फ्री थ्रो. ६६.९ टक्के.

करीम आणि जॉर्डन यांची उत्तरं पाहून मी आकडे पुन्हा तपासले. मला वाटलं एकाच ओळीचं सूत्र दोनदा चिकटवलंय. नाही, दोन्ही बरोबर आहेत. एक सात फूट दोन इंच उंच, रिंगजवळून हुक फेकणारा. दुसरा सहा फूट सहा इंच, ड्राइव्ह करून उडी मारणारा आणि त्या अख्ख्या हंगामात तीन गुणांच्या फक्त सात फेकी जमवणारा. सोळा वर्षांचं अंतर, आणि दोघंही ६०.३ वर.

झोपण्याआधी एक जादा गणित केलं. २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया. चेंबरलेनचे शंभर गुण : ६३ पैकी ३६ फेकी, ३२ पैकी २८ फ्री थ्रो. ट्रू शूटिंग ६४.९ टक्के. करीच्या ७९ सामन्यांच्या संपूर्ण हंगामाची सरासरी त्या एका रात्रीपेक्षा जास्त आहे. हे मला कोणी तोंडी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

९ मे

सरांना फोन केला. त्यांना ०.४४ पटला नाही. "अगं, तेव्हा दोनासाठी तीन मिळायचे ना?" म्हणाले.

बरोबर आहे त्यांचं. एनबीएत १९८१ पर्यंत बोनसमध्ये, म्हणजे समोरच्या संघाचे फाउल मर्यादेपलीकडे गेल्यावर, दोन बास्केट करायला तीन संधी द्यायचे. पहिल्या दोन गेल्या की तिसरी मिळत नसे, एखादी चुकली तरच तिसरी. म्हणजे फ्री थ्रोत कच्च्या माणसाच्या नावावर प्रयत्नांची संख्या फुगते. ०.४४ हा आकडा अलीकडच्या सामन्यांवरून बसवलेला, तो १९६२ ला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.

०.४० ते ०.४८ पर्यंत हलवून पाहिलं. चेंबरलेन ५४.४ वरून ५२.८ वर येतो. करी ६७.५ वरून ६६.३ वर. क्रम हलत नाही, पण चेंबरलेनच्या आकड्यापुढे आता मी "सुमारे" लिहिलंय. त्या हंगामात तो फ्री थ्रो खालून, दोन्ही हातांनी, गुडघ्यांमधून झोका देऊन फेकायचा आणि त्याची टक्केवारी ६१ च्या पुढे होती. कारकिर्दीची सरासरी ५१ आहे. पुढे त्याने ती पद्धत सोडली. जमत असलेली गोष्ट लोकांना विचित्र दिसते म्हणून सोडायची, हे शिबिरात दरवर्षी कोणी ना कोणी मुलगा करतोच, आणि दरवर्षी मला तितकंच वाईट वाटतं.

११ मे

काळाची दुरुस्ती. त्या-त्या हंगामातल्या सगळ्या संघांचं मिळून ट्रू शूटिंग काढायचं आणि खेळाडूच्या आकड्याला त्याने भागायचं. शंभर म्हणजे सरासरी.

लीगची सरासरी १९६१-६२ मध्ये ४७.९ टक्के, १९७१-७२ मध्ये ५०.४, १९८७-८८ मध्ये ५३.८, २०१२-१३ मध्ये ५३.५, २०१५-१६ मध्ये ५४.१.

भागाकार केला आणि ते दोन ६०.३ लगेच वेगळे झाले. करीम १२०, जॉर्डन ११२. चेंबरलेनही ११२! लेब्रॉन १२०, करी १२४.

मग एक शंका आली. १९६१-६२ मध्ये लीगमध्ये नऊच संघ होते. प्रत्येकी ८० सामने. सगळ्यांचे प्रयत्न (फेकी आणि ०.४४ ने गुणलेले फ्री थ्रो) मिळून जवळपास ८९ हजार, आणि त्यातले ३७५९ एकट्या चेंबरलेनचे, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. ज्याला मापायचं तोच पट्टीत बसलाय. त्याला वगळून सरासरी काढली तर ४७.९ ची ४७.६ च्या आसपास येते आणि त्याचा निर्देशांक ११२.५ कडे सरकतो. करीचा वाटा तीस संघांच्या लीगमध्ये एक टक्कासुद्धा नाही, तिथे फरक पडत नाही.

करीमच्या बाबतीत पट्टी वेगळ्या कारणाने वाकलेली आहे. १९७१-७२ मध्ये एबीए ही दुसरी लीग चालू होती. त्याच हंगामात ज्युलियस अर्विंग आणि सात फूट दोन इंचांचा आर्टिस गिलमोर एबीएत उतरले, रिक बॅरी आणि डॅन इसेल तिथे आधीपासून होते. करीमला अंगाने अडवू शकेल असा गिलमोर त्या हंगामात त्याच्यासमोर एकदाही लीगचा सामना खेळला नाही. हे मोजायची पद्धत मला सापडलेली नाही. निर्देशांक १२० च ठेवते, शेजारी टीप लिहिते.

१४ मे

उन्हाचा तडाखा वाढला. शिबिर सहालाच सुरू केलं.

दुपारी वेगळा हिशेब घेतला. टक्केवारी चांगली असणं एक, आणि ती टक्केवारी किती प्रयत्नांवर टिकवली हे दुसरं. म्हणून असं मोजलं : याच संधी लीगच्या सरासरी खेळाडूला दिल्या असत्या तर त्याने किती गुण केले असते, आणि आपल्या माणसाने त्याहून किती जास्त केले?

करीम सुमारे ४६२. करी ४५५. चेंबरलेन ४२८. लेब्रॉन ३३५. जॉर्डन ३११.

जॉर्डन शेवटचा! ३५ गुणांची सरासरी, हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी), आणि त्याच वर्षी सर्वोत्तम बचावपटूही. मी लहानपणी भिंतीवर ज्याचं चित्र लावलं होतं, तो माझ्याच तक्त्यात तळाला. आकडे तीनदा तपासले.

मिनिटांवर भागलं. ३६ मिनिटांमागे करी ६.१, करीम ४.६, लेब्रॉन ४.२, चेंबरलेन ४.०, जॉर्डन ३.४. चेंबरलेनने त्या हंगामात सरासरी ४८.५ मिनिटं खेळली, सामना असतो ४८ मिनिटांचा. जादा वेळेतही तो कोर्टावरच. करी मात्र ३४ मिनिटं.

खेळाचा वेगही धरायला हवा. १९६१-६२ मध्ये एका संघाला सामन्यात सरासरी १२६ पझेशन मिळत, २०१५-१६ मध्ये ९६ च्या आसपास. पझेशन म्हणजे एका संघाकडे चेंडू आल्यापासून जाईपर्यंतचा एक डाव. जुना आकडा अंदाजाने काढलेला, कारण टर्नओव्हर लिहिलेच नाहीत. तरी त्या वेगाने शंभर पझेशनमागे चेंबरलेनचे जादा गुण ४.२ येतात, जॉर्डनचे ४.५, करीचे ८.४. जादा गुणांत इथे पहिल्यांदा जॉर्डन चेंबरलेनच्या पुढे गेला.

याच वेगामुळे ऑस्कर रॉबर्टसनची १९६१-६२ मधली ट्रिपल-डबल (तीन रकान्यांत दोन अंकी) सरासरी, ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास), आजच्या आकड्यांशेजारी सरळ ठेवता येत नाही. चुकलेल्या फेकी जास्त, म्हणून रिबाउंडही जास्त. पण असिस्टच्या बाबतीत उलटं वाटतं. त्या काळी असिस्ट देताना टेबलवरचे लोक बरेच कडक होते. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच ओळीतला एक आकडा फुगलेला आणि दुसरा दाबलेला.

१५ मे

जॉर्डनसाठी एक दिवस जास्त दिला. ट्रू शूटिंगमध्ये टर्नओव्हर धरत नाहीत. चेंडू गमावणं म्हणजे फेक चुकण्याहून वाईट, कारण रिबाउंडचीसुद्धा आशा नाही. जॉर्डनने त्या हंगामात २५२ वेळा चेंडू गमावला. इतकं आक्रमण एकट्याच्या अंगावर घेणाऱ्यासाठी हे फार कमी, शंभर संधींमागे (प्रयत्न आणि टर्नओव्हर मिळून) ९.६. करीचे २६२, दर १२.९. लेब्रॉनचे २२६, दर १२.४.

टर्नओव्हर मिळवून एका संधीमागे गुण काढले : करी १.१७, लेब्रॉन १.१२, जॉर्डन १.०९. अंतर कमी झालं, क्रम तोच राहिला. लेब्रॉन आणि करी यांचे बरेच टर्नओव्हर इतरांसाठी पास काढताना झालेले, आणि त्या पासांचं श्रेय या भागाकारात कुठेच नाही, हेही लिहून ठेवते. करीम आणि चेंबरलेन यांच्या ओळीत : नोंद नाही.

१८ मे

या सगळ्या खटाटोपात आजचा दिवस सर्वांत मोलाचा.

सहज म्हणून चेंबरलेनचा दुसरा हंगाम उघडला, १९६६-६७. प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम, संघ फिलाडेल्फिया सेव्हन्टी सिक्सर्स. गुणांची सरासरी पन्नासवरून २४.१ वर आलेली. ११५० फेकींपैकी ७८५ आत, म्हणजे ६८.३ टक्के. फ्री थ्रो ८७५ पैकी फक्त ३८६. एकूण १९५६ गुण. ट्रू शूटिंग ६३.७.

मग जादा गुण काढले. सुमारे ४४०.

पाच वर्षांपूर्वी ३७५९ प्रयत्न करून त्याने सरासरीपेक्षा ४२८ गुण जास्त दिले होते. आता १५३५ प्रयत्नांत जवळजवळ तेवढेच! मधले सव्वादोन हजार प्रयत्न त्याने सोडून दिले आणि संघाचं गणिताने काहीच नुकसान झालं नाही. ते हॅल ग्रिअर, चेट वॉकर, बिली कनिंगहॅम यांच्याकडे गेले. चेंबरलेनचे असिस्ट सामन्यामागे ७.८ झाले, आणि ते रिंगजवळ खेळणाऱ्या एका सेंटरचे.

१९६१-६२ मध्ये त्याचा फिलाडेल्फिया वॉरियर्स ४९ जिंकून ३१ हरला होता. १९६६-६७ चा संघ ६८ जिंकून १३ हरला, बॉस्टनची सलग आठ विजेतेपदांची साखळी तोडून विजेता झाला.

आतापर्यंत मी "कोण जास्त कार्यक्षम" असं विचारत होते. हे दोन हंगाम शेजारी ठेवल्यावर लक्षात येतं, की खेळाडूने सोडलेल्या संधीही त्याच्याच हिशेबात धरायला हव्यात. शिबिरातल्या आमच्या एका उंच मुलाला मी महिनाभर सांगतेय की दोघं अंगावर आले की चेंडू बाहेर दे. उद्या त्याला हे दोन आकडे दाखवणार आहे.

१९ मे

दाखवले. तो म्हणाला, "पण मॅडम, शंभर गुण सगळ्यांना माहीत आहेत, हे कोणालाच नाही." थोड्या वेळाने स्वतःच विचारलं, "६८ जिंकले?" सरावात त्याने चार वेळा चेंडू बाहेर काढला. मोजले मी.

२२ मे

आज तयार रेटिंग उघडली.

जॉन हॉलिंजरचं पीईआर : सगळ्या नोंदी एकत्र करून मिनिटांवर भागतात, सरासरी १५ वर बसवलेली. माझ्या यादीतले चेंबरलेन, जॉर्डन, लेब्रॉन, करी, चौघंही ३१ ते ३२ च्या आसपास. करीम ३० च्या किंचित खाली. या चौघांत भेद करायला हे माप उपयोगाचं नाही. शिवाय जास्त फेकणाऱ्याकडे ते झुकतं. निकोला योकिचने २०२१-२२ मध्ये जवळपास ३२.९ गाठून तोवरचा उच्चांक मोडला, एवढी नोंद घेते.

विन शेअर्स : डीन ऑलिव्हरच्या पझेशनच्या हिशेबावर जस्टिन कुबाटकोने उभारलेलं, संघाच्या विजयांचा वाटा खेळाडूंमध्ये वाटणारं. इथे करीमचा हाच हंगाम एनबीएच्या इतिहासात सर्वांत वर, २५.४. माझ्या जादा गुणांच्या साध्या हिशेबातही तो पहिला आला होता. समाधान वाटलं. मिल्वॉकीने त्या वर्षी ६३ सामने जिंकले, आणि लॉस एंजेलिस लेकर्सची सलग ३३ विजयांची मालिका ९ जानेवारी १९७२ ला याच संघाने थांबवली. संघात ऑस्कर रॉबर्टसनही होता, त्यामुळे विजयांतला करीमचा वाटा नेमका किती, हा वाद उरतोच.

बॉक्स प्लस-मायनस, म्हणजे शंभर पझेशनमागे खेळाडू सरासरीहून किती गुणांनी सरस याचा अंदाज, १९७३-७४ च्या मागे जातच नाही, कारण स्टील आणि ब्लॉक लागतात. चेंबरलेन बाहेर, करीमचा हा हंगाम बाहेर, रसेल तर संपूर्ण बाहेर. उरलेल्यांत जॉर्डनचा १९८७-८८ एकदम वर येतो, १३.० घेऊन. त्याचे २५९ स्टील आणि १३१ ब्लॉक इथे कामाला येतात. भिंतीवरचं चित्र उगीच नव्हतं.

पण तेच स्टील आणि ब्लॉक यजमान संघाचा माणूस लिहितो. मी स्वतः टेबलवर बसते म्हणून सांगते : चेंडू हातातून निसटला की हिसकावला, हे ठरवायला अर्धा सेकंद मिळतो आणि मागे आपल्याच गावचे लोक ओरडत असतात. प्रामाणिक माणसाचा हातही एका बाजूला जातो.

२५ मे

सर घरी आले. पन्हं घेतलं. पूर्ण तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर करून सगळ्या ओळी वाचल्या.

"यात रसेल कुठाय?"

म्हटलं, सर, तो बसत नाही. कारकिर्दीत नेमबाजी ४४ टक्के, फ्री थ्रो ५६. ट्रू शूटिंग ४७.१. माझ्या मापाने तो त्याच्या काळातल्या सरासरीच्याही आसपासच राहतो.

"आणि जिंकला किती वेळा?"

तेरा हंगामांत अकरा. ज्या हंगामात चेंबरलेनने पन्नासची सरासरी केली आणि रॉबर्टसनने ट्रिपल-डबलची, त्या हंगामाचा एमव्हीपीसुद्धा रसेलच होता. तेव्हा मतं खेळाडू द्यायचे. म्हणजे ज्यांना त्याच्यासमोर फेकावं लागत होतं, त्यांनीच त्याला निवडलं.

सर म्हणाले, "मग तुझा तक्ता अपुरा आहे. माणूस नाही."

त्यांच्या खेळण्याच्या दिवसांत शॉट क्लॉक (फेक टाकायची मुदत) ३० सेकंदांचा होता, तीन गुणांची रेषा नव्हती, आणि जिल्ह्याच्या स्कोअरशीटवर गुण आणि फाउल सोडून काहीच लिहीत नसत. सर बचावाचे खेळाडू. त्यांच्या खेळाचा एकही आकडा कुठे शिल्लक नाही. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, मला नंतर सुचलं.

२८ मे

रसेलसाठी दुसरी वाट धरली : माणूस आल्यावर किंवा गेल्यावर संघाचं काय झालं?

बॉस्टन सेल्टिक्स १९६८-६९ : ४८ जय, ३४ पराजय, आणि विजेतेपद. रसेल निवृत्त. १९६९-७० : ३४ जय, ४८ पराजय. आकडे जणू आरशात उलटे. पण त्याच उन्हाळ्यात सॅम जोन्सही निवृत्त झाला, म्हणून सगळं रसेलच्या नावावर टाकता येत नाही.

मिल्वॉकी बक्स १९६८-६९ : २७-५५. मग करीम आला, तेव्हाचं नाव ल्यू अल्सिंडर. १९६९-७० : ५६-२६.

क्लीव्हलँड २००९-१० : ६१-२१. लेब्रॉन गेला. २०१०-११ : १९-६३.

शिकागो बुल्स १९९२-९३ : ५७-२५. जॉर्डन ऑक्टोबर १९९३ मध्ये थांबला. १९९३-९४ : ५५-२७.

या मापाने जॉर्डनची किंमत दोन सामने. हे मी मान्य करणार नाही, आणि मान्य न करायला कारणं आहेत. स्कॉटी पिपेन ऐन भरात होता, टोनी कुकोच नवा आला, प्रशिक्षक फिल जॅक्सनची आक्रमणाची घडी बसलेली होती. पण मग कारणं बॉस्टनसाठीही शोधायला हवीत, क्लीव्हलँडसाठीही. आवडत्या खेळाडूला सूट आणि बाकीच्यांना नियम, असं चालणार नाही. ही वाट मी तक्त्यात जोडलेय, पण क्रम लावायला वापरत नाही.

बॉस्टनबद्दल एक गोष्ट मात्र पक्की कळली. तेव्हाचे सेल्टिक्स भरपूर गुण करायचे म्हणून त्यांचं आक्रमण जबरदस्त समजलं जातं. वेग काढून पाहिलं तर अंदाजी आकड्यांत ते आक्रमण बऱ्याच हंगामांत सरासरीच्या खाली येतं. ते जिंकत होते बचावावर. समोरच्या संघाच्या फेकी बिघडत होत्या, आणि त्या बिघडवणाऱ्याच्या नावावर तेव्हा कोणी काही लिहीत नव्हतं. विन शेअर्समधल्या बचावाच्या वाट्यात तो आजही कारकिर्दीच्या यादीत पहिला आहे, १३३ च्या वर. तोही संघाच्या आकड्यांवरून मागाहून लावलेला अंदाज.

३१ मे

तक्ता बंद केला. गुण करण्याच्या कार्यक्षमतेत माझा क्रम : एका हंगामाच्या एकूण जादा गुणांत करीम, मिनिटं आणि वेग धरले तर करी. चेंबरलेनची निवड मी बदलली. १९६१-६२ ऐवजी १९६६-६७. जॉर्डनला आक्रमणाच्या यादीतून काढून दोन्ही बाजूंच्या यादीत घेतलं, तिथे तो पहिला. रसेलची ओळ तक्त्यात आता आहे, सगळ्यांच्या वर, आणि तिच्यातले बरेचसे रकाने "नोंद नाही".

सरांना प्रिंट दिली. वरची ओळ बघून त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

१ जून

शिबिराचा शेवटचा सामना. स्कोअरशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन नवे रकाने आखले : "बोट लागलं" आणि "फेक बदलायला लावली". सर माझ्या शेजारी पेन्सिल घेऊन बसले. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांच्या कागदावर बघायचं नाही.

मध्यंतराला कागद जुळवले. "बोट लागलं" जवळजवळ सारखंच. "फेक बदलायला लावली" मध्ये मोठा फरक. सरांच्या खुणा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या. नऊ नंबरची मुलगी, जिने पूर्वार्धात एकही बास्केट केली नाही, तिच्या नावापुढे त्यांच्या कागदावर खुणांची रांग, माझ्या कागदावर तीनच. त्यांनी एकेक प्रसंग सांगितला. फेकणारी उडी मारायला गेली आणि थांबली, हे त्यांनी धरलं होतं. मी फक्त सुटलेली फेक बघत होते.

म्हणून व्याख्या लिहून काढली. फेकणाऱ्याचे दोन्ही हात चेंडूवर खांद्याच्या वर गेले, बचावाच्या खेळाडूचा हात एका हाताच्या अंतरात आला, आणि फेक थांबली, लांबली किंवा पास झाला, तर खूण करायची. सरांना "एका हाताच्या अंतरात" पसंत नाही. ते म्हणतात रसेल दोन हातांवर असला तरी माणूस बिचकायचा.

तो शब्द अजून खोडलेला नाही. शनिवारी मुलींचा सराव सामना आहे, तेव्हा दोन्ही व्याख्यांनी मोजणार.